उतरलेले वजन टिकते कसे?

आधी एक गणित सोडवू. जळगावहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग एरंडोल, पारोळा करीत जातो आणि हे अंतर भरते सुमारे ९० किलोमीटर. समजा, सत्तर किलो वजनाचा एक माणूस हा सगळा रस्ता पायी चालून गेला. त्याच्या अंगावरची किती चरबी जळेल? पुढे वाचण्यापूर्वी आपला अंदाज वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

एवढ्या वजनाच्या माणसाला सपाट रस्त्याने एक किलोमीटर चालण्यासाठी साधारण ५० कॅलरी ऊर्जा लागते. (आहारशास्त्रात जिला कॅलरी म्हणतात ती खरे तर किलोकॅलरी असते; येथेही हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.) म्हणजे नव्वद किलोमीटरच्या झाल्या ४,५०० कॅलरी. आता, शरीरात साठलेल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. भागाकार करा. उत्तर येते ०.५८. दोन-तीन दिवस पायपीट करून, पायांना फोड आणून जळली किती चरबी, तर अर्ध्या किलोहून थोडी अधिक! तुमच्यापैकी बहुतेकांनी वहीत याच्या कितीतरी पट आकडा लिहिला असेल.

हेच गणित जळगावच्या केळ्यांतही मांडता येते. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे १०० कॅलरी असतात. तेव्हा एक केळे म्हणजे दोन किलोमीटर चाल, आणि एक किलो चरबी म्हणजे ७७ केळी. चरबी हे असे विलक्षण दाटीवाटीने भरलेले कोठार आहे. आपल्या पूर्वजांना त्याचा फार उपयोग झाला. दुष्काळात किंवा लांबच्या प्रवासात अंगावरच्या थोड्याशा चरबीवर माणूस कित्येक दिवस तग धरू शके. आज हेच कोठार काहींच्या मुळावर आले आहे.

उदाहरणादाखल एका बाईंची कल्पना करू. उंची १६० सेंटिमीटर, वजन ११० किलो. गुडघे दुखतात, मधुमेह आहे, रात्री झोपेत श्वास अडकतो. घरचे, शेजारचे, सगळेच त्यांना सांगतात, "जरा कमी खा, जरा चालत जा." सल्ला खोटा नाही, पण वरचे गणित पाहिल्यावर तो अपुरा का पडतो हे तुमच्या ध्यानात येईल. अशा व्यक्तींसाठी गेल्या साठ-सत्तर वर्षांत एक निराळा उपाय पुढे आला आहे. तो म्हणजे जठरावर, आणि कधी लहान आतड्यावरही, शस्त्रक्रिया करणे. २०११ मध्ये, भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष असताना, नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या होत्या. तेव्हापासून या उपचाराचे नाव पुष्कळांच्या कानावर आहे. पण त्याविषयीचे गैरसमजही तितकेच आहेत.

त्यांतला एक आधीच दूर करू. या शस्त्रक्रियेत चरबी कापून किंवा शोषून काढतात, असे अनेकांना वाटते. चरबी शोषून घेण्याची शस्त्रक्रिया वेगळी. ती अंगाचा आकार सुधारण्यासाठी करतात. लठ्ठपणा या विकारावर तो इलाज नव्हे. आपण जिच्याविषयी बोलत आहोत त्या शस्त्रक्रियेत चरबी जिथल्या तिथे राहते. मग वजन उतरते कसे? आणि उतरलेले टिकते कसे? दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे.

ताट तेच राहिले

खानदेशातले जेवण आठवा. वरण-बट्टी, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, भरीत-पुरी, तर्रीदार शेवभाजी, आणि सणाला खापरावरचे मांडे. तुपात बुडवलेली बट्टी तर पोटात जाऊन बसली की संध्याकाळपर्यंत भुकेचे नाव नको. हे अन्न वाईट आहे असे कोणी म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. ते कष्टकऱ्यांचे अन्न आहे. दिवसभर कपाशी वेचणाऱ्या बाईला आणि रात्री बागेला पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला एवढी ऊर्जा लागतच असे.

केळीची बाग म्हणजे पाण्याचे काम. पूर्वी रात्री-अपरात्री उठून, हातात कंदील घेऊन पाण्याची पाळी सांभाळावी लागे. फावड्याने एक वाफा फोडायचा, दुसरा बांधायचा, चिखल तुडवीत पुढे सरकायचे. पुढे ठिबक सिंचन आले, आणि त्या उद्योगाचे एक मोठे केंद्र जळगावातच उभे राहिले. आता झडप फिरवली की बागभर थेंब थेंब पाणी सुरू. पाणी वाचते, पीक चांगले येते. पुन्हा फावडे हाती धरा असे शेतकऱ्याला कोणी सांगणार नाही. पण त्या फावड्यावर खर्च होणाऱ्या कॅलरी आता खर्च होत नाहीत. बैलगाडीमागून चालण्याऐवजी मोटारसायकल आली. ताट मात्र तेच राहिले, आणि त्याच्या जोडीला वेफर्स, बिस्किटे व बाटलीतली गोड पेये आली.

याचा परिणाम देशभर दिसतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष वजनाची मर्यादा ओलांडलेले आढळले. २०१५-१६ च्या पाहणीत हेच आकडे २०.६ आणि १८.९ होते.

ही मर्यादा कशी ठरवितात? किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात. येणाऱ्या आकड्याला शरीरभार निर्देशांक म्हणतात. ही रीत बेल्जियमचे गणिती आदोल्फ केतले यांनी १८३२ च्या सुमारास मांडली. आपल्या उदाहरणातील बाईंचा निर्देशांक काढा. उंचीचा वर्ग २.५६, म्हणून ११० भागिले २.५६ बरोबर जवळजवळ ४३. वर सांगितलेल्या पाहणीत २५ ही सीमा धरली होती. (वाढत्या वयातील मुलामुलींना हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. त्यांच्यासाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात.)

हा निर्देशांक सोयीचा असला तरी त्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. याचे एक गमतीदार उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. दिसायलाही दोघे सडपातळ. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या छायाचित्रासह हे प्रसिद्ध झाले. भारतीय माणूस बारीक दिसत असूनही त्याच्या अंगात, विशेषतः पोटात, चरबी अधिक असू शकते. म्हणूनच भारतीयांसाठी वजनाच्या सीमा पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की आपल्याकडचे डॉक्टर सावध होतात.

टाकीतला तरंगता गोळा

चरकसंहितेत अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोघांचाही विचार आहे, आणि त्यांत स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण मानली आहे. त्या काळच्या वैद्यांचा हा अनुभव आजही खरा ठरतो. पण असे का व्हावे?

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो. नळकाम करणारे त्याला बॉलकॉक म्हणतात. पाणी खाली गेले की गोळा खाली जातो, झडप उघडते आणि टाकी पुन्हा पहिल्या रेषेपर्यंत भरते. तुम्ही टाकीतून कितीही पाणी उपसा, थोड्या वेळाने पातळी पूर्ववत. आपल्या शरीरातही चरबीसाठी जवळजवळ अशीच व्यवस्था आहे. तिचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक नावाच्या छोट्या भागाकडे असते.

त्याला बातमी कशी कळते? अमेरिकेतील जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरणारा रासायनिक निरोप. लेप्टिन चरबीच्या पेशींतूनच निघते आणि मेंदूला सांगते, "कोठार भरलेले आहे." चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदू घाबरतो. त्याला दुष्काळ आणि पथ्य यांतला फरक कळत नाही. पुढे १९९९ मध्ये जपानचे कोजिमा आणि कांगावा यांना जठरातून निघणारे घ्रेलिन हे संप्रेरक सापडले. त्याचा निरोप अगदी उलटा, "भूक लागली, खा." कमी खाऊन वजन उतरविले की घ्रेलिन वाढते. म्हणजे माणूस जितका बारीक होऊ पाहतो तितकी त्याला भूक जास्त.

एवढ्यावरच हे थांबत नाही. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन उतरविण्याची एक स्पर्धा होत असे. तिच्यातील चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी केली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांचे वजन पुष्कळसे परत आले होते. आश्चर्याची गोष्ट वेगळीच होती. त्यांचे शरीर विश्रांतीच्या स्थितीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळीत होते. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या माणसापेक्षा त्यांनी रोज पाच केळ्यांइतके अन्न कमी खावे, तेव्हा कुठे वजन आहे तिथे राहणार! आता सांगा, अशा माणसाला "तुझ्यात मनोबल नाही" असे म्हणणे कितपत न्यायाचे आहे?

आपल्या वर्गातही कोणी जाड मुलगा किंवा मुलगी असेल आणि त्यांना नावे ठेवली जात असतील. वजनावरून चिडविल्या गेलेल्या मुलांचे वजन कमी होण्याऐवजी अधिक वाढते, असे पाहण्यांत आढळले आहे. शिक्षकांनी याकडे जरूर लक्ष द्यावे.

जठराचे केळे

शस्त्रक्रियेचा इतिहास चुका करीत करीतच पुढे गेला. १९५४ मध्ये अमेरिकेतील क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग अन्नाच्या वाटेतून वगळण्याची पद्धत मांडली. अन्न शोषलेच गेले नाही तर वजन उतरेल, हा तिचा साधा हिशेब. वजन उतरले खरे. पण रुग्णांना सतत जुलाब, मूतखडे, काहींना यकृताचा गंभीर विकार जडला. ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले होते. जठरव्रणासाठी ज्यांच्या जठराचा काही भाग काढला होता, ते रुग्ण नंतर बारीकच राहत. १९६६ मध्ये मेसन यांनी जठर लहान करून ते आतड्याला वेगळ्या जागी जोडण्याची शस्त्रक्रिया केली.

तरीही पोट उभे चिरायचे, आणि तेही चरबीच्या जाड थराखाली, हे काम धोक्याचे होते. ते सुकर झाले दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे. पोटावर बोटाएवढी चार-पाच छिद्रे पाडायची, एकातून दुर्बीण आणि इतरांतून लांब हत्यारे घालायची आणि पडद्यावर पाहत काम करायचे. या तंत्राने पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. त्या वाटेने पुढे जठराच्या शस्त्रक्रियाही आल्या. आता मुंबई, पुणे, नाशिक अशा शहरांत त्या होतात.

सध्या दोन प्रकार विशेष प्रचारात आहेत. पहिल्यात जठराचा डाव्या बाजूचा फुगीर भाग, म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश जठर, कापून काढतात. उरते ती एक अरुंद नळी. इंग्रजीत तिला सदऱ्याच्या बाहीची उपमा देतात. जळगावकरांना अधिक जवळची उपमा केळ्याची. आकारही तसाच आणि बाकही तसाच. मूळ जठरात जेवणानंतर लिटर-दीड लिटर माल मावू शकतो. या केळ्यात सुरुवातीला मावते शंभर ते दीडशे मिलिलिटर, म्हणजे एक छोटी वाटी.

दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जाते. महामार्गाचा वळणरस्ता गावाबाहेरून गेला म्हणजे गाव तिथेच असते, पण गाड्या बाजारपेठेतून जात नाहीत. तसेच हे. बाजारपेठेतल्या दुकानांचे काय होते, ते पुढे पाहू.

जठर लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, हे उघड आहे. पण एवढेच असते, तर टाकीतल्या गोळ्याने आपले काम केले असते. भूक खवळली असती, शरीराने जाळणे कमी केले असते, आणि माणूस दर तासाला खात सुटला असता. तसे होत नाही. रुग्ण सांगतात की पूर्वीसारखी भूकच लागत नाही. कारण घ्रेलिन मुख्यतः जठराच्या त्या फुगीर भागातून निघते, आणि तोच भाग काढलेला असतो. शिवाय अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचल्यामुळे तिथून तृप्तीचा निरोप देणारी जीएलपी-१ यांसारखी संप्रेरके अधिक प्रमाणात निघतात. गोळ्याची दांडी वाकवून त्याची रेषा खाली आणावी, तसे काहीसे घडते.

मधुमेहाच्या बाबतीत तर याहून नवल. वळशाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्णांच्या रक्तातील साखर काही दिवसांतच खाली येते. वजन फारसे उतरण्याच्या आधीच! अमेरिकेचे डॉ. वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये आपल्या रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली तेव्हा वैद्यकविश्व चकित झाले. आतडे म्हणजे नुसती नळी नसून तीही एक मोठी संप्रेरक-ग्रंथी आहे, हे या शस्त्रक्रियांमुळे ठळकपणे पुढे आले. काही रुग्णांत मधुमेह वर्षांनंतर परत येतो, हेही सांगितले पाहिजे.

एका वाटीत साठ ग्रॅम

आता खऱ्या कामाकडे येऊ. शस्त्रक्रियेला दीड-दोन तास लागतात. नंतरचे काम जन्मभराचे असते, आणि ते रुग्णालयात नव्हे, घरच्या स्वयंपाकघरात चालते.

पहिले सुमारे दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ: ताक, डाळीचे पाणी, दूध. मग काही आठवडे मऊ, घोटलेले अन्न. महिना-दीड महिन्याने नेहमीचे अन्न, पण वाटीभरच. येथेच एक कोडे उभे राहते. शरीराला रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत; नाही तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि केस गळतात. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने, पेलाभर दुधात ६-७, वाटीभर घट्ट वरणात साधारण ७, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८. जठर वाटीएवढे असताना दिवसात साठ ग्रॅम कसे भरून काढाल? कागद घ्या आणि प्रयत्न करून पाहा. भाकरी, भात, बटाटा यांना जागा दिली की हिशेब बिघडतो. म्हणून अशा रुग्णाला ताटातील क्रम बदलावा लागतो. आधी डाळ, उसळ, अंडे, दही किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा तुकडा. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, म्हणून ती नुसत्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा बरी. बट्टीला मात्र बराच काळ रजा.

घास लहान, चावणे पुष्कळ, आणि एका जेवणाला वीस ते तीस मिनिटे. घाई केली तर छातीत दाटते आणि उलटी होते. जेवताना पाणी नाही. अर्धा तास आधी किंवा अर्ध्या तासाने. यातून आपल्याकडे एक खास अडचण उद्भवते. वैशाखात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हातून आलेला माणूस तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पितो. या रुग्णाला ते जमत नाही, जठरात जागाच नसते. त्याने सकाळपासून बाटली जवळ ठेवून घोट-घोट करीत दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी पोटात घालायचे. पहिल्या उन्हाळ्यात हे विसरले तर शरीरातील पाणी कमी होऊन रुग्णालय गाठावे लागते.

वळशाची शस्त्रक्रिया झालेल्याने पुरणाचा मांडा किंवा श्रीखंड भरपूर खाल्ले, तर साखर एकदम आतड्यात उतरते. घाम सुटतो, छाती धडधडते, चक्कर येते. आणि आपल्या पंगतीतला आग्रह तुम्हाला ठाऊकच आहे! "आमच्या हातचा एक तरी मांडा घ्या" म्हणणाऱ्या मावशींना या रुग्णाच्या जठराची मर्यादा समजावून सांगणे हे घरच्यांचे काम. माझ्या मते हे पथ्य पाळायला सर्वांत अवघड आहे, कारण नाही म्हटले तर माणसे दुखावतात.

आता वळणरस्त्यावरच्या त्या बाजारपेठेकडे वळू. लोह आणि कॅल्शियम यांचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या भागात होते. ब-१२ जीवनसत्त्व शोषले जाण्यासाठी जठरातून निघणाऱ्या एका प्रथिनाची गरज असते. वाट बदलली किंवा जठर कापले की या सर्वांची आवक घटते. म्हणून लोह, कॅल्शियम, ड आणि ब-१२ जीवनसत्त्वे गोळ्यांच्या किंवा इंजेक्शनच्या रूपाने घ्यायची, तीही जन्मभर. शाकाहारी घरांत ब-१२ मुळातच कमी असते, तिथे तर अधिक जपावे लागते. वजन उतरले, बरे वाटू लागले म्हणून गोळ्या सोडणारे रुग्ण असतात. त्यांना दोन-तीन वर्षांनी पायांना मुंग्या येऊ लागतात, दम लागतो. तेव्हा ब-१२ किंवा रक्त कमी झालेले असते. सतत उलट्या होत असतील तर ब-१ कमी पडून मेंदूलाही इजा होऊ शकते. मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया केली तरी नियमित रक्ततपासणी जळगाव-धुळ्यात करता येते. ती चुकवू नये.

मग चालण्याचे काय? सुरुवातीच्या गणिताने आपण चालण्याला जवळजवळ निरुपयोगी ठरविले होते. वजन उतरविण्याच्या कामी त्याचा वाटा खरोखरच लहान आहे. पण उतरलेले वजन राखण्याच्या कामी तो मोठा आहे, कारण व्यायामाने स्नायू टिकतात आणि विश्रांतीतही ऊर्जा जाळण्याचे काम बऱ्याच अंशी स्नायू करतात. रोज तीस-चाळीस मिनिटे भरभर चालणे आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, असे डॉक्टर सांगतात. खानदेशच्या उन्हाळ्यात त्यासाठी पहाटेच उठावे लागेल.

हे सगळे केल्यावर हाती काय येते? स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा हजारो रुग्णांचा मागोवा घेतला गेला. वळशाची शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन दहा वर्षांनंतरही मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्के कमी होते. जुन्या प्रकारच्या शस्त्रक्रिया झालेल्यांत ही घट १४ ते १६ टक्के होती. शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या वजनात जवळजवळ फरक पडला नव्हता. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. आपल्या बाईंचे वजन २५ टक्क्यांनी घटले तर ते ८२-८३ किलोवर येईल आणि निर्देशांक ३२ वर. त्या सडपातळ होणार नाहीत. पण गुडघ्यांवरचा भार सत्तावीस किलोंनी हलका होईल, रात्री झोप लागेल, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतील किंवा सुटतीलही. पहिल्या दीड-दोन वर्षांत वजन सर्वाधिक उतरते; त्यानंतर थोडे वाढतेच. ज्यांनी वाटीभर जेवण सोडून दिवसभर चिवडा, फरसाण, गोड पेये असे थोडे-थोडे सुरू केले, त्यांचे बरेच वाढते. केळ्याएवढे जठर चघळत राहणाऱ्याला अडवू शकत नाही.

ही शस्त्रक्रिया कोणी करून घ्यावी? भारतातील शल्यविशारद बराच काळ ३७.५ च्या पुढील निर्देशांक, किंवा मधुमेहासारखा विकार जोडीला असेल तर ३२.५ च्या पुढील निर्देशांक, अशी सीमा पाळीत आले. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी या सीमा आणखी खाली आणल्या. खर्च लाखांत असतो. धोकाही आहे. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे, वजन झपाट्याने उतरल्यामुळे पित्ताशयात खडे होणे, हे सर्व संभवते. हजारी एक ते तीन रुग्ण दगावतात. ज्यांचे वजन पाच-दहा किलो जास्त आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. अठरा वर्षांखालील मुलांत तर अगदी निवडक आणि गंभीर प्रसंगीच, अनेक तज्ज्ञांनी मिळून विचार केल्यावर तो पत्करतात. वाढत्या वयात उपास करून किंवा जाहिरातीतली भुकटी खाऊन वजन उतरवू पाहणे हाडांच्या आणि उंचीच्या मुळावर येऊ शकते.

अलीकडे याच संशोधनातून एक नवी वाट फुटली आहे. आतड्यातून निघणाऱ्या जीएलपी-१ ची नक्कल करणारी औषधे तयार झाली असून आठवड्यातून एकदा इंजेक्शनने ती घेतात. २०२५ मध्ये वजनासाठीची अशी औषधे भारतातही आली. त्यांनी भूक मंदावते आणि वजन चांगले उतरते. सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांनंतर काही जणांचे औषध थांबविले आणि वर्षभराने त्यांना पुन्हा काट्यावर उभे केले. उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले होते.